दोन कुलपांचं कार्यालय

आमच्या वजनमापे कार्यालयाच्या दाराला दोन कुलपं आहेत. एक वर, एक खाली. चोरांच्या भीतीने नव्हे. आत चोरण्यासारखं आहे काय, तर पितळेची वजनं, लिटरची मापं, मीटरच्या पट्ट्या आणि चालू केला की टेबलावरचे सगळे कागद उडवणारा एक पंखा. कुलपं दोन आहेत ती दोन माणसांसाठी. वरच्याची किल्ली माझ्या वडिलांकडे, खालच्याची माझ्या सासऱ्यांकडे. आणि या दोघांची साहेब मी. हसू नका. मी बदलीसाठी इतके अर्ज केलेत की माझा हात आपोआप ‘महोदय’ लिहितो, आणि मुख्यालयाचं उत्तर दर वेळी एकच असतं: विचाराधीन.

‘विचाराधीन’ म्हणजे काय, हे आमच्या घराइतकं कोणालाच ठाऊक नसेल. बाबा आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे, एकाच सकाळी नोकरीला लागले. बाबांचं म्हणणं, दारातून पाऊल आधी त्यांनी टाकलं. अप्पांचं म्हणणं, पाऊल काय कोणीही टाकेल, हजेरीची सही आधी त्यांनी केली. मग ज्येष्ठ कोण? हा प्रश्न साधा नाही, कारण आमच्याकडे सगळं सेवाज्येष्ठतेने चालतं. चहाचा पहिला कप, पंख्याखालची खुर्ची, रजा, आणि सकाळी दार उघडायचा मान. तेव्हाच्या साहेबांनी प्रकरण मुख्यालयाला पाठवलं, मुख्यालयाने ते विचाराधीन ठेवलं, आणि निर्णय येईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून दाराला दुसरं कुलूप बसवलं. ही तात्पुरती सोय माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे.

तेव्हापासून रोज सकाळी जो आधी येईल तो पायरीवर उभा राहून दुसऱ्याची वाट बघतो, दोघं आपापलं कुलूप उघडतात आणि समोरासमोरच्या टेबलांवर बसून दिवसभर भांडतात. बाबांकडे वजनं, अप्पांकडे मापं. बाबा म्हणतात, पाटीवर ‘वजनमापे’ लिहिलंय, ‘मापवजने’ नाही, यातच काय ते समजा. अप्पा म्हणतात, पाटी किती लांब करायची हे मापानेच ठरलं ना? मी आणि माझा नवरा लहानपणी शाळा सुटली की त्याच पायरीवर बसून यांचं भांडण संपायची वाट बघायचो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून आम्ही पुढे लग्न केलं. लग्नाच्या फोटोत आधी कोण उभं राहणार यावरून फोटोग्राफर रडकुंडीला आला, आणि म्हणून आमच्या अल्बममध्ये दोन्ही वडील एका फोटोत कुठेच नाहीत.

मग साथ आली आणि सगळी कार्यालयं बंद झाली. आम्ही घरी बसलो, आणि गावातले तराजू मोकाट सुटले.

पहिले काही आठवडे बाबांनी घरातलं सगळं तोलून काढलं. आई फोनवर वैतागायची, “अगं, साबणाची वडी रोज तोलतात! म्हणतात, किती झिजली ते बघतोय. आंघोळ करा म्हटलं तर झीज वाढेल म्हणतात.” ते ऐकून मी हसायचे. नंतर आईचा सूर बदलला. बाबा तोलेनासे झाले. दाढी करेनात. पेपर उलटा धरून बसायचे आणि कोणी सरळ करून दिला तर हूं म्हणायचे. इकडे आमच्या घरी अप्पांची तीच गत. त्यांनी आधी दारं, खिडक्या, पलंग, झोपलेला माझा नवरा, सगळं मोजलं. मग टेप गुंडाळून कपाटात ठेवली आणि खिडकीपाशी बसून राहिले. दोघांनाही काय झालंय ते मला स्पष्ट दिसत होतं. भांडायला माणूस उरला नव्हता. आई बिचारी प्रयत्न करायची, पण तिला वजनातलं काही कळत नाही आणि ती लगेच रडते.

“फोन करा ना एकमेकांना,” मी म्हणाले.

“कोणी कोणाला?” अप्पांनी विचारलं, आणि विषय संपला.

अशात मुख्यालयाचं पत्र आलं. दोन महिन्यांनी, अमुक सोमवारी कार्यालय उघडा. सर्व कर्मचाऱ्यांनी लसीचा निदान एक डोस घेतलेला हवा. मुख्यालयाच्या बाई स्वतः पाहणीला येतील. त्या वेळी दार उघडं नसेल, तर हे कार्यालय कायमचं बंद करून काम मुख्यालयाकडे घेतलं जाईल. वजनांचे कर्मचारी जिल्ह्याच्या एका टोकाला, मापांचे दुसऱ्या टोकाला.

मी ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझ्या खुर्चीचं मला काही नव्हतं. खुर्ची गेली असती तर मी पेढ्यांऐवजी साखर तरी वाटली असती. पण बाबांची आणि अप्पांची निवृत्ती तोंडावर आली होती. उरलेले थोडे महिने त्यांना त्या दोन टेबलांवर मिळाले नाहीत, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला गेला, तर दोघंही पेपर उलटे धरून संपणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. दार सोमवारी उघडायलाच हवं होतं. आणि ते उघडायला दोघंही लागणार होते.

पत्रासोबत आम्हा अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षणही होतं, घरबसल्या संगणकावर. शिकवणाऱ्या बाई इतक्या हसतमुख होत्या की मला त्यांच्याविषयी पहिल्या मिनिटापासून राग आला. “कर्मचाऱ्यांवर ओरडू नका. त्यांचं ऐकून घ्या. ‘मी तुमच्या भावना समजू शकते’ असं म्हणा. कोणी लस घेतली, कोणी नाही, कधी घेतली, ही माहिती गोपनीय असते. ती एका कर्मचाऱ्याची दुसऱ्याला कदापि सांगू नका. आणि सगळ्यांना मान्य असेल अशी एक पद्धत ठरवा.”

सगळ्यांना मान्य असेल अशी पद्धत! इथे माझी अक्कल चरायला गेली. मी सवयीने परिपत्रक काढलं: ‘लसीकरण सेवाज्येष्ठतेनुसार करण्यात येईल. क्रम मोडल्यास गंभीर दखल घेतली जाईल.’ आमच्याकडे प्रत्येक परिपत्रकाच्या शेवटी गंभीर दखल असते. दखल नसेल तर लोकांना वाटतं पान हरवलं. सही ठोकली, पाठवून दिलं, आणि चहा अर्धा पिऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करून ठेवलंय.

दुपारी बाबांचा फोन. “मॅडम,” ते म्हणाले. कामाचं बोलायचं असलं की ते मला मॅडम म्हणतात, मागे आईचा कुकर शिट्ट्या मारत असला तरी. “परिपत्रक मिळालं. उत्तम आहे. मी पहिला, म्हणजे कधी जायचं?”

तेवढ्यात अप्पा स्वयंपाकघराच्या दारात. घरातच होते, तरी दारावर टकटक केली. “मॅडम, क्रम वाचला. पहिल्या क्रमांकाला रिकाम्या पोटी जायचं की खाऊन?”

मी दोघांनाही म्हणाले, मी तुमच्या भावना समजू शकते. बाबा म्हणाले, “मग आईलाही समजाव, तिला समजत नाहीत.” अप्पा म्हणाले, “भावना राहू द्या, क्रमांक सांगा.”

दोघांपैकी कोणालाही लस नको होती असं नाही. नको होतं ते दुसरं असणं. दुसऱ्या क्रमांकावर लस घेतली की ज्येष्ठता गेली. मुख्यालय तोच कागद पुढे करून विचाराधीन प्रकरण निकाली काढेल, अशी दोघांची पक्की समजूत. आणि हे दोघं अडले म्हणजे खालचे सगळे अडले. टंकलेखिका, रोखपाल, शिपाई, एकूण एक जण म्हणू लागले, “आमचं काही नाही मॅडम, पण आधी मोठ्यांचं होऊ द्या.” परिपत्रक मागे घ्यायचं माझ्या मनात आलं, पण मागे घ्यायच्या परिपत्रकावरही आधी दोन ज्येष्ठांच्या पोच-सह्या लागतात. त्यात वरची सही कोणाची, तुम्हीच ओळखा.

शेवटी मी दोघांना एकाच वेळी लसीकरण केंद्रावर घेऊन गेले. म्हटलं, तिथे गेल्यावर मागची रांगच यांना ढकलेल. व्याही व्याह्यांना कित्येक महिन्यांनी भेटत होते. दोघांनी कडक इस्त्रीचे शर्ट घातले होते. बाबांनी दाढी केली होती! लांबून एकमेकांना पाहिलं आणि दोघांच्याही डोळ्यांत अशी चमक आली की मला वाटलं, आता मिठी मारतात की काय.

“जाड झालास,” बाबा म्हणाले.

“अंदाजे बोलू नकोस, तोलून बोल,” अप्पा म्हणाले.

तिथली नर्स दणकट बाई होती. “चला, आधी कोण?” तिने विचारलं, आणि दोघं आढ्याकडे बघू लागले. मी हळूच तिला म्हणाले, एक माझे वडील, एक सासरे, दोघांना एकदमच टोचता येईल का? तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी स्वतःच लस घ्यायला विसरले असते, पण माझी झाली होती. “हात दोन आहेत मला, पण डोकं एकच आहे,” ती म्हणाली. “नाणं उडवा आणि बसा.”

तिने स्वतःचं नाणं काढलं. ते उडणार एवढ्यात बाबांनी हात पुढे केला, नाणं तळहातावर घेतलं, डोळे मिटून दोनदा हलकेच झेललं. “एका अंगाने झिजलंय. याचा कौल धरता येणार नाही.” अप्पांनी ते बोटांत धरून कडेने फिरवलं. “बरोबर आहे. जाडीत फरक आहे.” एवढ्या वर्षांत त्यांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही असल्या वेळी! रांगेतली माणसं ओरडायला लागली, नर्सने नाणं हिसकावून घेतलं, आणि आम्ही आलो तसे परत गेलो. जाताना ती मला म्हणाली, “दोघांची नातवंडं तुमच्या घरात येतील तेव्हा आधी आजोबा कोण, यावर पण ठराव करून ठेवा.”

त्या रात्री मी नवऱ्यावर उगाचच ओरडले. त्याचा काही दोष नव्हता, पण तो समोर होता.

पुढच्या आठवड्यात मात्र एक मजा सुरू झाली. आधी टंकलेखिकेचा फोन आला. आवाज असा की शेजारी कोणी मेलंय. “मॅडम, गोपनीय आहे. माझ्याकडून चूक झाली. भाऊ केंद्रावर चालला होता, त्याच्यासोबत गेले आणि… घेतली. क्रम मोडला. गंभीर दखल घेऊ नका हो.” मी म्हटलं, अगं, शाबास! ती म्हणाली, “पण कोणाला सांगू नका, रोखपाल माझ्याआधी आहेत, त्यांना काय वाटेल?” दुसऱ्या दिवशी रोखपाल. बायकोने फरफटत नेलं म्हणाले, त्यांचा नाइलाज होता, पण टंकलेखिकेला कळू नये. मग शिपाई भाजीच्या पिशवीआड तोंड लपवून घरीच आला. पाहता पाहता सगळं कार्यालय लस घेऊन बसलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकट्यानेच पाप केलंय.

उरले दोन. आणि मग एका सकाळी बाबांचा फोन आला. “मॅडम. गोपनीय.” “मी काल जाऊन आलो. कार्यालय माझ्यामुळे बंद राहिलं असं कोणी म्हणायला नको.”

मी खुर्चीतून उठलेच. “बाबा!”

“बाबा नाही, मी कामाचं बोलतोय… छे, काहीही म्हण. पण त्याला सांगायचं नाही. त्याने आधी घेतली असेल तर मी दुसरा ठरेन. आधी त्याचं कळू दे, मग माझं सांग.”

मी फोन ठेवला, मागे वळले, तर अप्पा. दारावर टकटक. अंगात इस्त्रीचा शर्ट. “मॅडम, दोन मिनिटं. गोपनीय आहे.” आणि ते जे बोलले ते मी तुम्हाला सांगत नाही, कारण तुम्ही ते आत्ताच बाबांच्या तोंडून ऐकलंय. शब्दही तेच. कार्यालय माझ्यामुळे बंद राहिलं असं कोणी म्हणायला नको. आधी त्याचं कळू दे.

दोघांच्या तारखा मला ठाऊक होत्या. आधी कोण गेलं हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि त्या हसतमुख बाईने माझं तोंड शिवून टाकलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.

मुख्यालयाला मी कळवलं की सर्वांचा पहिला डोस झाला. मग पोच-सह्यांची वाट न बघता, आयुष्यात पहिल्यांदा, नियम मोडून आधीचं परिपत्रक रद्द केलं. नवं काढलं: सोमवारी सगळ्यांनी यावं, कोणी कोणाला काही विचारू नये, ताप असेल त्याने मात्र येऊ नये. गंभीर दखल वगैरे काही लिहिलं नाही. तीन जणांचे फोन आले की पुढचं पान मिळालं नाही.

“तो येणार आहे?” बाबांनी विचारलं.

“सांगू शकत नाही.”

“तो येणार आहे का ग?” अप्पांनी विचारलं.

“सांगू शकत नाही.”

“तुझ्यापेक्षा मुख्यालय बरं,” अप्पा म्हणाले, “निदान विचाराधीन तरी म्हणतं.”

सोमवारी मी पोचले तेव्हा अंगणात खडूने खुणा केलेल्या होत्या. दोन माणसांतलं अंतर आमच्या लोकांनी कार्यालयाच्या प्रमाणित पट्टीने मिलिमीटरपर्यंत आखलं होतं, आणि रोखपालांचं अंतर नाकापासून धरायचं की पोटापासून, यावर वाद चालू होता. अप्पा माझ्याआधीच घरातून निघून पायरीवर उभे होते. सारखे रस्त्याकडे बघत होते. बाबांचा पत्ता नव्हता.

मी आईला फोन लावला. “अगं, काय सांगू,” आई म्हणाली, “शनिवारी गुपचूप जाऊन दुसरा डोस घेऊन आले. मलाही सांगितलं नाही. आता तापाने फणफणलेत. तरी शर्ट घालून बसलेत, जातोच म्हणतात. मी बाहेरून कडी लावलीय!” मागून बाबांचा आवाज येत होता, “दार उघड! माझं कुलूप आहे तिथे!”

“ताप असेल त्याने येऊ नये,” मी म्हणाले. माझाच नियम. माझ्या नियमांनी मला जेवढं छळलंय तेवढं कोणत्याही माणसाने छळलं नसेल.

अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. “काय झालं?”

“बाबांना जरा ताप आहे.”

“कशाचा?”

“सांगू शकत नाही.”

अप्पांनी मान तिरकी केली. “घेतली तर,” ते हळूच म्हणाले. रागाने नाही. उलट त्यांचा चेहरा इतका सैल झाला की मला तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

एवढ्यात मुख्यालयाच्या बाईंची गाडी आली. बाई उतरल्या, घड्याळ पाहिलं, दार पाहिलं, दोन कुलपं पाहिली. “हे काय? बंद का?”

“उघडतोच आहोत,” मी म्हणाले. बाईंनी फाइल उघडली, पेन काढलं. शिपाई माझ्या कानाशी आला, “मॅडम, वरचं तोडू का? दगड आणतो.” मी हो म्हणणारच होते. दुसरा मार्ग नव्हता. दार उघडलं नाही तर सगळं संपणार होतं.

“त्या कुलपाला हात लावायचा नाही!” अप्पा असे ओरडले की बाईंच्या हातातलं पेन पडलं.

मग त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली. चष्मा बाजूला केला, डबीतलं मखमलीचं अस्तर नखाने उचललं आणि खालून एक किल्ली काढली. त्यांची नव्हे. त्यांची हातात होती. ही वरच्या कुलपाची.

“ही तुमच्याकडे कशी?” मी विचारलं.

“तू झालीस त्या दिवशी दिली त्याने. धावत दवाखान्यात चालला होता. म्हणाला, माझंही उघड आज. नंतर त्याने मागितली नाही, मी दिली नाही.” ते खाकरले. “माझी एक त्याच्याकडे आहे. तुझ्या नवऱ्याच्या जन्मापासून.”

“म्हणजे दोघांकडे दोन्ही किल्ल्या होत्या? मग रोज पायरीवर वाट कशाला बघत होता? पावसात, थंडीत?”

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हिला परीक्षा पास कोणी केलं. “कुलूप त्याचं आहे,” ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि बाबांना लावला. एवढी सगळी साथ गेली, एकाने दुसऱ्याला फोन केला नव्हता. “मी बोलतोय,” अप्पा म्हणाले. “ताप किती?… तोंडी सांगू नकोस, मोजलास का?… बरं. ऐक, मुख्यालय आलंय. तुझं उघडू का?”

पलीकडून बाबा इतक्या मोठ्याने बोलत होते की अंगणात सगळ्यांना ऐकू आलं. “उघड! पण मला माहीत आहे, आधी स्वतःचं उघडशील! मी नाही ना तिथे!”

“उघडणारच,” अप्पा म्हणाले. “कोण अडवणार?” आणि फोन बंद करून माझ्या हातात दिला.

नंतर ते दाराकडे वळले. दोन्ही किल्ल्या त्यांच्या हातात होत्या. अंगणात आम्ही सगळे आपापल्या खडूच्या खुणेवर उभे. बाईसुद्धा कोणीतरी आखून दिलेल्या खुणेवर उभ्या होत्या. अप्पा टाचा उंचावून उभे राहिले, कारण वरचं कुलूप बाबांच्या उंचीने बसवलेलं आहे. आणि त्यांनी आधी ते उघडलं. वरचं. मग खाली वाकून आपलं.

टंकलेखिका नाक पुसत होती. अप्पांनी मागे वळून सगळ्यांवर नजर फिरवली. “हे त्याला कळता कामा नये,” ते म्हणाले. “गोपनीय आहे.” बाईंनी वाकून पेन उचललं, फाइलवर काहीतरी लिहिलं आणि ‘उघडलं’ या शब्दाखाली रेघ ओढलेली मी पाहिली.

दोन दिवसांनी बाबा आले. ताप उतरला होता, दाढी घोटलेली. दाराशी थांबून त्यांनी दोन्ही कुलपं नीट निरखली, जणू कुलपं चुगली करणार होती. मग आधी माझ्या केबिनमध्ये आले.

“मॅडम, सोमवारी कोणतं आधी उघडलं?”

मला सांगायचं होतं. “ती माहिती गोपनीय आहे,” मी म्हणाले.

ते चिडून आपल्या टेबलाकडे गेले. समोर अप्पा एका लिटरच्या मापात डोकावून बसले होते. वर बघितलंसुद्धा नाही.

“काय रे,” बाबा म्हणाले, “कोणतं आधी?”

“माझं,” अप्पा म्हणाले. “मग तुझं. सही आधी कोणाची होती?”

“पाऊल कोणाचं होतं?” बाबांनी टेबलावर पितळेचं वजन असं आपटलं की पंखा थांबला. “एक दिवस मी नाही तर लगेच डाव साधलास! हलकट!”

“अंदाजे बोलू नकोस,” अप्पा म्हणाले, आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते, पण ते फक्त मला माझ्या काचेतून दिसलं. बाबांना दिसलं नाही. बाबांचा चेहरा रागाने लालबुंद झाला होता, डोळे चमकत होते, आणि त्यांना इतकं खूश मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मी केबिनचं दार ओढून घेतलं आणि टेबलाखाली वाकून पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि शिपायाला सांगितलं, चहा आण, दोघांना एकाच वेळी दे, आणि दोन्ही कप एकाच मापाचे आहेत का ते आधी अप्पांकडून तपासून घे.